थांबवलेली कळ

"वहिनी, आज अमावास्या. ती होऊन जाऊ दे, मग धमनी उघडू. आता घाई कसली?" मुकुंदभाऊजी म्हणाले.

घाई खरोखरच उरली नव्हती. हृदयविकाराचा झटका आला की माणसाला शीतकक्षात त्याच क्षणी थांबवून ठेवत आणि मग सवडीने, मुहूर्त पाहून ब्लॉकेज काढत. शैलजाचे यजमान श्रावणापासून काचेमागे होते. आधी पितृपक्ष आडवा आला, मग घरातलं सुतक.

"भाऊजी, आणलं तेव्हा यांचा हात छातीवर होता ना? आता बघा, बोटं काचेजवळ आलीत."

"काकू, तसा भास होतो सगळ्यांना," डॉक्टर इनामदार हसून म्हणाली. तिने पहिल्या दिवसाचा फोटो पडद्यावर आणला आणि तिचं हसू मावळलं.

"म्हणजे हे थांबलेलेच नाहीत," शैलजा म्हणाली. "तीच कळ इतके महिने सोसताहेत. अमावास्या राहू दे, आत्ता उघडा!"

डॉक्टरने घाईने स्ट्रेचर मागवलं. मग तिची नजर पुढच्या काचांच्या लांबलचक रांगेवर गेली. प्रत्येक काचेकडे आतून एक हात येत होता. काही हात केव्हाच टेकले होते.