यादीतलं सहावं दुकान

“जुनी पुस्तकं? आणि तीही स्वस्तात?” किल्लीवाल्याने ग्रंथपालांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “समोर तीन मजली दुकान आहे की. आत थंडगार, वर कॉफीसुद्धा मिळते.”

“तसलं नको. जुनं हवंय.”

“मग या बोळात शिरा. सुतळीच्या दुकानाला लागून आहे. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे.”

ग्रंथपालांनी खिशातली यादी पुन्हा काढली. सकाळपासूनची ही दहावी वेळ असेल. सहा दुकानांची नावं, त्यातली चार खोडलेली. खोडलेल्या चारांपैकी दोन त्यांनी तरीही धुंडाळली होती. एका जागी आता चपला मिळत होत्या, दुसऱ्याला कुलूप. यादीतलं अक्षर त्यांचं नव्हतं. ते खारूताईचं होतं.

खारूताई म्हणजे त्यांच्या गावच्या वाचनालयातली मदतनीस. शिडीवर झरझर चढते, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. शाळा सुटल्या सुटल्या ती कामाला लागली, तेव्हा तिला पुस्तकाच्या पाठीवर साधी चिठ्ठी सरळ चिकटवता येत नव्हती. ग्रंथपालांनी तिला हाताला धरून सगळं शिकवलं. आता तीच पोर त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत होती.

निवृत्तीला महिना उरला होता आणि वार्षिक मोजणीत सतरा पुस्तकं कमी भरली. तीही लुंगीसुंगी नव्हेत, पुन्हा कधी न छापलेली. तीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले होते. ऐकणारे कंटाळायचे, पण खोटं नव्हतं ते. जाता जाता हा डाग घेऊन जायची त्यांची तयारी नव्हती. मग चार दिवसांपूर्वी डिंकाची बाटली शोधताना तिच्या खणात ही यादी हाती लागली. गेले सहा महिने एक शनिवार आड रजा घेऊन बाईसाहेब कुठे जातात, त्याचा उलगडा झाला. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आज तिला मुद्दाम कामावर थांबवून ते स्वतः शहरात आले होते.

बुटक्या दाराने कपाळावर आपली खूण उठवलीच. आत एक म्हाताऱ्या मालकीणबाई पुस्तकांच्या थप्पीवर बसून विणत होत्या.

“बारीकशी, चष्मेवाली एक बाई येते का इथे?”

“येते की. गुणी पोर आहे.”

“पिशवी असते हातात?”

“असते. एवढी जड, की एक बंद मीच धरू लागते.” मालकीणबाईंनी सुई थांबवली. “का हो? कुणाला सांगू नका म्हणते ती.”

एवढं पुरे होतं. ग्रंथपालांनी बोळाच्या तोंडाशी येऊन वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन लावला. “पुरावा मिळाला. तिला समोर बसवा आणि विचारा. हो, आत्ताच्या आत्ता.” कपाळ चोळत ते पुढे निघाले.

सहावं दुकान सापडता सापडेना. एकाने डावीकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा उजवीकडे. तिसरा म्हणाला, ते कधीच बंद पडलं, आणि ज्या जिन्याला टेकून तो हे बोलत होता त्याच जिन्याखाली ते होतं. दुकानदार हातातल्या फडक्याने एकेक पुस्तक पुसून ठेवत होता.

त्याच्या पाठीमागच्या फळीवर हरवलेल्या सतरांपैकी एक, पक्ष्यांवरचं जाडजूड हिरवं पुस्तक होतं. पाठीवर पांढऱ्या शाईतला क्रमांक. तो आकडा ग्रंथपालांनी स्वतःच्या हाताने घातलेला होता.

ते बोलणार, एवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

“कबूल झाली,” अध्यक्ष म्हणाले. “पुस्तकं मीच नेली म्हणाली. चार दिवसांत सगळी परत आणून देते म्हणे. का नेलीस विचारलं तर गप्प. राजीनामा लिहून घेतला मी. सुटलात तुम्ही!”

ग्रंथपालांनी मोठा श्वास सोडला. आपलंच खरं ठरल्याचं समाधान क्षणभर वाटलं, आणि मग नुसता संताप आला. निदान नाही तरी म्हणायचं होतंस गं, असं त्यांच्या मनात आलं. तो सगळा राग त्यांनी दुकानदारावर काढला.

“ते हिरवं पुस्तक चोरीचं आहे. पोलिसांना बोलावू?”

“चोरीचं?” दुकानदाराने फडकं खाली टाकलं. “चाळीस वर्षं बसतोय मी इथे! रद्दीवाल्याकडून रीतसर घेतलंय. हा बघा ‘रद्द’चा शिक्का, आणि ही त्याखाली सही.”

ग्रंथपालांनी सही पाहिली. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिली.

“शिवाय ते विकायचं नाहीये,” दुकानदार जरा निवळून म्हणाला. “एका बाईंसाठी राखून ठेवलंय. त्यांच्या वाचनालयात घोटाळा झाला हो. साहेबांनी घाईघाईत बांधणीला द्यायच्या गठ्ठ्यावरच ‘रद्द’चे शिक्के मारले, आणि खरी रद्दी गेली बांधायला. या बाई सहा महिने पदरमोड करून एकेक पुस्तक परत विकत घेतायत. सोळा मिळाली, ती शिक्क्याचं पान बदलायला बांधणीवाल्याकडे दिलीत. हे सतरावं. मी म्हटलं, बाई, साहेबांना सांगून मोकळ्या का होत नाही? तर म्हणाल्या, ‘महिन्याभरात निवृत्त होतायत ते. त्यांना कळायच्या आत सगळी जागेवर गेली पाहिजेत.’”