तिसरं होल

गाडी वळणावर कलू नये म्हणून धाकट्या भावाच्या रेसच्या हॅचबॅकला मी मागे जाड अँटी-रोल बार बसवला. त्याला तीन होल: नरम, मधलं, कडक. “दादा, मधल्यातच लाव.” मी कडकमध्ये आवळला. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की गाडी मागून गर्रकन फिरणार. फिरू दे. दरवेळी कप त्याचे, काळे हात माझे! तो ट्रॅकवर सुटला. पाना धरून धडकेच्या आवाजाची वाट बघत बसलो. आजवरची सगळ्यात वेगवान फेरी मारून पठ्ठ्यानं मला मिठीच मारली. “पायच उचलला नाही, दादा! काय बनवलीयस गाडी!” मागे इंजिन गुरगुरलं. “वहिनी निघालीय एक फेरी मारायला. तिलाही कळू दे तुझी कमाल.” बायकोला गाडी मीच शिकवली. “वळणावर भीती वाटली, की पाय उचल,” शंभरदा बजावलंय. ती माझं सगळं ऐकते.