शुक्रवारची बॅग

परदेशातल्या गोल्फ स्पर्धा चार दिवसांच्या, पण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, निम्मे खेळाडू गळायचे. त्यात ती हमखास असायची. म्हणून दर शुक्रवारी ती मैदानाकडे निघाली की आई हॉटेलात बॅग भरायला घ्यायची. आज शेवटच्या फटक्यात चेंडू खळग्यात गेला तरच उद्या खेळता येणार होतं. तिने श्वास रोखून चेंडू ढकलला. तो काठावर रेंगाळला आणि आत पडला. हुश्श! ती धावतच खोलीवर आली. “आई, बॅग उघड, आपण राहतोय!” बॅग उघडीच होती, रिकामी. खुर्च्यांवर, दिव्यावर, पडद्याच्या दांडीवर तिचे धुतलेले शर्ट ठिबकत होते. “अगं, हरले असते तर?” “ओलेच कोंबले असते,” आई म्हणाली. “आजवर तू हरायच्या आधीच मी तुला हरवून मोकळी व्हायचे.” तिने अंगातला शर्ट काढून आईला दिला. “हाही धू. रविवारी घालीन.”