आडोसा

टेबलावर मांडलेल्या पुठ्ठ्याच्या गावात काकांचा अंगठ्याएवढा शिपाई भिंतीआड उभा होता. खेळायला आलेल्या नव्या भिडूने, शिपाई नेमात येतो का ते बघायला, समोरच्या पुठ्ठ्याच्या गच्चीवरून लेझर लावला. लाल रेघ भिंतीच्या माथ्यावरून थेट शिपायाच्या छातीवर पडली.

"दिसतोय, काका. मेला हा."

"थांब, थांब." काकांनी शिपायाला विहिरीमागे सरकवलं. रेघ तिथेही पोचली. मग दाराआड, मग गाडीमागे. रेघ काही पाठ सोडेना.

"अहो, एका पाळीत एकदाच हलवायचं असतं!" भिडू हसला. "जाऊ द्या की, दुसरा शिपाई घ्या."

काकू चहा घेऊन आल्या. टेबलाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "आजही नाही सापडली जागा?"

काकांनी शिपाई उचलून पुन्हा पहिल्या भिंतीआड ठेवला.

"आपल्या पोराच्या तुकडीतल्यांना पुन्हा एकदा विचारा ना हो. भिंत नक्की एवढीच उंच होती का?"