एफ कॉर्ड आणि दाण्याची चटणी

सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला एफ कॉर्ड आली आणि मनोहररावांची गिटार ‘खर्रर्र’ अशी वाजली, तेव्हा त्यांनी आधी स्पीकरकडे रागाने बघितलं.

घरी तर हीच एफ कॉर्ड कशी लोण्यासारखी लागायची! पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबताना सुरुवातीला ती खरखरायची, हे खरं. पण मग त्यांनी जर्मन तारा आणल्या, पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारं जपानी पेडल आणलं, भिंतीवर एका दाढीवाल्या गिटारवाल्याचं पोस्टर लावलं आणि खरखर गायब झाली. त्याच सुमारास बायकोने, शैलाताईंनी, स्वयंपाकघरात नवा मिक्सर घेतला होता, पण त्याचा काय संबंध?

पुन्हा एफ आली. पुन्हा खर्रर्र. पहिल्या रांगेतल्या सेक्रेटरींनी कानात बोटं घातली. मनोहररावांना घाम फुटला.

स्टेजमागे शैलाताई तोच मिक्सर घेऊन वड्यांसाठी दाण्याची चटणी वाटत होत्या. नवऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना. वर्षभर स्वतःचे कान वाचवायला मिक्सर लावता लावता एफ कुठे येते, हे त्यांना पाठ झालं होतं. तिसऱ्या एफला त्यांनी बरोब्बर बटण फिरवलं. घर्रर्र! खरखर त्यात पार बुडाली. मंडळींना वाटलं, पेडलचाच इफेक्ट. मनोहररावांनाही तसंच वाटलं. शैलाताईंची पुढची एकही एफ चुकली नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “वन्स मोअर!” सेक्रेटरी ओरडले.

मनोहररावांनी ऐटीत पेडल दाबलं, डोळे मिटले आणि हात उचलला.

“अहो, थांबा!” मागून शैलाताईंची हाक आली. “दाणे संपले!”