हारातला झेंडू

सासऱ्यांच्या फोटोवरचा वाळलेला हार ग्वारीघाटावर नर्मदेत सोडायचा असतो. योगेंद्रनं, माझ्या नवऱ्यानं, त्यातला झेंडू चुरून स्वयंपाकघराबाहेरच्या कुंडीत पेरला.

"बी फुकट काहून घालवायचं?" म्हणे.

मी थेंबभर पाणी घातलं नाही. मी पोळ्या लाटायला बसले की म्हातारा तिथंच खुर्ची टाकून दारातून बघत बसायचा. माझी पाठ जळायची. घरात कोणाला दिसायचं नाही म्हणे!

तरी झाडं उगवली. जबलपूरच्या मे महिन्यात, ठणठणीत कोरड्या मातीत फुलली. वास थेट पोळपाटापर्यंत. आणि सगळी फुलं उन्हाकडे पाठ फिरवून दारातून आत बघणारी.

मी कुंडी फिरवली. चहा उकळेपर्यंत फुलं परत माझ्याकडे वळली.

"हवेनं होऊन राहिलं," योगेंद्र म्हणाला. बाहेर पान हलत नव्हतं.

आज खुरपं घेऊन गेले. एकूण एक मुळासकट उपटणार होते. कुंडीच्या बाजूला उभी राहिले, तर एकही फूल माझ्याकडे वळलं नाही. सगळी आतच बघत होती.

आतून माझ्या लेकीचा, सुखदाचा, आवाज आला.

"आई, आज पोळ्या मी लाटून राहिले!"