तिसऱ्या डब्यातली झांज

“गाणं लागनं का?” अभिमननं विचारलं, आणि कुंदाबाईनं मनात आणखी एक खूण केली.

दिवाळीपासून ती नवऱ्याचं न ऐकणं मोजत होती. हाका अकरा, दाराची कडी चार वेळा, कुकरची शिट्टी एकदा. सोमवारी त्याच्या कानांची तपासणी होती. डॉक्टर दुरून कुजबुजत आकडे म्हणणार. ते चुकले की आगगाडीच्या चाकांवर हातोडी मारून नाद पारखायचं चोवीस वर्षांचं काम गेलं. मग फायली उचला. काल स्वयंपाकघरातून तिनं हळूच ‘सत्तावीस’ म्हणून पाहिलं, तर हा म्हणाला, “ऱ्हाऊ दे, भूक नही.”

मग तिच्या ध्यानात आलं, आत्ता तिलाही काही ऐकू येत नव्हतं.

“लागलंय दाजी,” तिचा भाऊ जीवराम म्हणाला. “कॅसेटसारखी सुरसुर नसते यात. जे नाही ते नाहीच.”

जीवराम दीपनगरला वीजकेंद्रात ऑपरेटर. बायको अजून मिळाली नव्हती, पण मुंबईहून सीडी प्लेअर आला होता, आणि त्याच्याबरोबर एका अमेरिकन बँडच्या पहिल्यापासूनच्या चारही सीडी. साधा रॉक नव्हे, अल्टरनेटिव्ह रॉक, हे तो बजावून सांगे. दोन महिने कॉलनीत ऐकणारा शोधून थकला, तेव्हा रविवारी जेवायला आलेल्या बहिऱ्या मेव्हण्यावर त्यानं समाधान मानलं होतं.

तेवढ्यात खोलीत गिटार उभी राहिली. तारेवरून सरकणारं बोट ऐकू आलं. गाणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा. कुणी परका माणूस घरात शिरावा तसा कुंदाबाईनं पदर सावरला.

पहिली सीडी संपली, दुसरी संपली. अभिमन डोळे मिटून, मान खाली घालून बसला होता.

“दाजींना डुलकी लागली,” जीवराम म्हणाला.

तिसरीच्या मध्यावर अभिमननं तळहात वर केला. यार्डात खराब चाक सापडलं की करायचा तसाच.

“हा डबा बाजूला काढ. झांज तडकेल शे.”

“डबा नाही दाजी, अल्बम.”

“काय बी म्हण. पहिल्या दोन डब्यांत खणखणीत होती. इथं बद्द वाजी ऱ्हायनी.”

जीवराम हसला. “एवढा मोठा बँड, फुटकी झांज वाजवेल?”

तरी त्यानं तेच गाणं मागं घेऊन लावलं. तीनदा. स्पीकरला कान लावला. त्याला काहीच कळेना. शेवटी सीडीच्या डबीतला कागद काढून तो खिडकीशी गेला. फोटोत मागे ड्रमवाला होता, त्याच्या डोक्याजवळ झांज, आणि तिच्या कडेपासून आत गेलेली बोटभर काळी रेघ.

त्यानं कागद बहिणीपुढे धरला.

“अक्का,” तो म्हणाला, “मी ही कागदाची चूण समजत होतो.”

कुंदाबाईनं रेघ पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. सात समुद्रांपलीकडची पितळेची चीर, आणि ती या माणसानं सतरंजीवर बसून पकडली होती.

“पण सोमवारी डॉक्टर झांज नाही वाजवणार रे,” ती भावाला म्हणाली.

हातभरावर बसलेल्या अभिमनला ते ऐकू गेलं नाही.

“चौथा लाव,” तो म्हणाला.

जीवरामनं सीडी बदलली. कुंदाबाईनं उठून पंखा बंद केला. एक गाणं गेलं, दुसरं गेलं. अभिमन पुढं वाकला होता. तिचं यंत्राकडे लक्ष नव्हतं. ती त्याचं तोंड बघत होती. तिसऱ्या गाण्यात त्याचं बोट हळूच वर आलं.

“तीच तडकेल झांज शे,” तो म्हणाला. “काढी नही त्यासनी.”